आधी सांगाडा पाहा, मग मोटार



बैल घेताना आपण शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाही. खूर पाहतो, गुडघे पाहतो, छाती पाहतो, चार पावले चालवून पाहतो, मग दातांना हात घालतो. पण सायकलीला मोटार बसवायचा विषय निघाला की शहाणी माणसेसुद्धा पहिला प्रश्न विचारतात, मोटार किती वॅटची? दुसरा विचारतात, एका चार्जिंगवर किती पळते? मोटार, बॅटरी, वर बसणारा माणूस आणि मागचे ओझे, हे सगळे ज्या चार नळ्यांवर तोलायचे त्या फ्रेमबद्दल कोणी विचारत नाही. दुकानदार तर बोलतच नाही. त्याला मोटार विकायची असते, फ्रेम तुमचीच असते.

आमचे म्हणणे उलटे आहे. मोटार शेवटी निवडा. आधी सांगाडा निवडा. नाकापेक्षा मोती जड झाला तर नाक तुटते, मोत्याचे काही बिघडत नाही.

विषय क्षुल्लक वाटेल. कापसाला भाव नाही, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, आणि हे सायकलीचे काय काढले, असे कोणी म्हणेल. पण हिशेब करा. घरापासून वावर दोन-चार किलोमीटर. रोज जाणे-येणे, वर फवारणीचा पंप, पाण्याचे कॅन, खताचे अर्धे पोते, परतताना कडब्याची पेंढी. मोटारसायकल घ्यावी तर हप्ता आणि पेट्रोल. बैलजोडी ठेवावी तर वर्षभराचा चारा, आणि काम मोजक्या दिवसांचे. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याला मोटार लावलेली सायकल ही चैन नाही, सोय आहे. आणि वाहन मोडले तर ते भर पावसात, आडरानात, ओझ्यासकट मोडते. कोणाचे दात जातात, कोणाचा हात जातो. पेरणीच्या तोंडावर हात मोडलेल्या माणसाचा हंगाम गेला म्हणून समजा.

तीन गड्यांचे बळ

नेहमीच्या हिशेबात बैलजोडीचे बळ साधारण एक अश्वशक्ती धरतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. २५० वॅटची मोटार म्हणजे एक तृतीयांश अश्वशक्ती. धडधाकट माणूस बराच वेळ पायडल मारतो तेव्हा त्याच्या पायांतून सुमारे ७५ वॅट निघतात. म्हणजे २५० वॅटची मोटार लावली की एका गड्यासाठी बनलेल्या सायकलीला आणखी तीन गडी ढकलू लागतात, तेही न थकता.

एवढे बळ पुरते का? सायकल-बॅटरी २५ किलो, माणूस ६० किलो, ओझे ४० किलो, एकूण १२५ किलो धरा. गाडीवाटेवर ताशी १५ किलोमीटरने जायला दीडशे वॅटच्या आसपास लागतात. शंभर फुटांना पाच फूट असा चढ आला तर त्याच वेगाला चारशेच्या वर लागतील. तिथे २५० वॅटची मोटार आणि तुमचे पायडल मिळून ताशी बारा किलोमीटरने चढ काढतात. शेतकऱ्याला याहून जास्त काय हवे? शर्यत थोडीच लावायची आहे.

तेव्हा बळ कमी पडत नाही. कमी पडतो सांगाडा. कारण वेगाचा हिशेब सरळ नसतो. वेग दुप्पट झाला की खड्ड्यात बसणारा दणका चौपट होतो. ताशी १२ किलोमीटरने चालणारी सायकल ताशी २५ ने पळवली की त्याच दगडावर, त्याच चिमट्याला चौपटीहून जास्त मार. म्हणून हजार वॅटची मोटार "एवढ्याच पैशात" देतो म्हणणाऱ्याला हात जोडा. तो तुम्हाला बळ देत नाही, फ्रेमला दणके विकत देतो.

जगाने हे आधीच भोगले आहे

हा अनुभव नवा नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर युरोप आणि जपान आपल्यासारखेच कंगाल होते. इटलीत डुकाटीने १९४६ पासून सायकलीला बसवायचे ४८ सीसीचे इंजिन काढले, 'कुच्चोलो'. फ्रान्समध्ये 'व्हेलोसोलेक्स' आली, पुढच्या चाकावर रूळ घासून चालणारी. ती १९८८ पर्यंत बनत होती. जपानमध्ये सोइचिरो होंडा यांनी १९४६ साली लष्कराकडून उरलेली छोटी इंजिने सायकलींना जोडून विकली. आज जगभर पसरलेल्या कंपनीची सुरुवात ही अशी. पण पुढे काय झाले ते पाहा. इंजिन मोठे होत गेले तसा सायकलीचा सांगाडा मागे पडला. १९४९ साली होंडाने आपली पहिली पूर्ण मोटारसायकल काढली, तिचा सांगाडा मोटारीसाठीच घडवलेला होता.

आपल्याकडे हेच नगरने केले. १९७२ साल आठवा. दुष्काळाचे साल. त्याच साली सरकारने कापसाच्या एकाधिकार खरेदीचा जू आपल्या मानेवर ठेवला. तो परवान्याचा जमाना होता. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. त्याच १९७२ साली नगरच्या कायनेटिकने लुना रस्त्यावर आणली. ५० सीसीचे इंजिन, पायडल मारून चालू करायची. मास्तर, ग्रामसेवक, दूधवाले, सगळ्यांची ती झाली. लोक तिला मोटारीची सायकल म्हणत. पण ती सायकल नव्हती. चाके लहान, टायर जाड, ब्रेक ड्रमचे, आणि सांगाडा इंजिनाचा भार धरून केलेला. म्हणून तिच्यावर दोन माणसे आणि एक पोते बसले तरी ती निभावून नेई. २०२४ साली तीच लुना विजेवर परत आली, पण सत्तर हजारांच्या घरात. एवढे पैसे ज्याच्याकडे नाहीत तो जुन्या सायकलीला मोटार लावणार. हा लेख त्याच्यासाठी.

कोणती फ्रेम घ्यावी

पहिली निवड, काळी जुनी चोवीस-बावीस इंची सायकल. दुधवाल्याची, पोस्टमनची. टायर २८ बाय दीड, मागच्या चाकाला ४० आरे, पुढच्याला ३२. हिच्या फ्रेमच्या नळ्या पोलादी, जाड भिंतीच्या. आणि सांध्यावर पोलादी कडे, म्हणजे लग, बसवून पितळेने झाळलेल्या. सांध्याचा भार लग पसरवून घेतो. वर दोन दांड्यांची मिळाली तर आणखी चांगली. हिचे कॅरिअर मागच्या एक्सलवर उभे असते, म्हणजे ओझे नळ्यांवर न पडता थेट चाकावर उतरते. बैलगाडीत साटीचा भार आखावर जातो, तसेच.

दुसरी निवड, २६ इंची, रुंद टायरची, पोलादी फ्रेमची सायकल, पण पुढे-मागे स्प्रिंग नसलेली. दगडगोट्याच्या वाटेला ही बरी. ब्रेकही हिचे बहुधा जुन्या सळईच्या ब्रेकपेक्षा चांगले धरतात.

नको ती कोणती? स्वस्तातली मागे शॉकॲब्सॉर्बर असलेली नको. तिच्या मधल्या सांध्यात थोड्याच दिवसांत खुळखुळा होतो. घडी होणारी नको. वापरलेली ॲल्युमिनियमची नको. ॲल्युमिनियम वाईट धातू नाही, पण तो न सांगता थकतो, आणि गावात त्याची तड सांधणारा कोणी नसतो. पोलाद आधी वाकते, कुरकुरते, मग तुटते. सूचना देऊन मोडणारे वाहन शेतकऱ्याला परवडते. लोहचुंबक लावून पाहा, चिकटला तर पोलाद.

आणि काळ्या मातीवाल्यांनी एक गोष्ट कधीही विसरू नये. टायर आणि मडगार्ड, टायर आणि चिमटा, यांत बोटभर तरी जागा हवी. आपल्या मातीचा चिखल तिथे चोंदतो आणि चाक जाम होते. पायाने चालवताना आपण उतरून काडीने चिखल काढतो. मोटार उतरत नाही. ती जाम चाकाला ढकलत राहते. मग आरे तुटतात नाहीतर मोटारीचा कंट्रोलर जळतो. दुकानात चकचकीत दिसणारी चिकटून बसवलेली मडगार्डे मृगाच्या पहिल्या पावसातच आपली जागा दाखवतात.

घेण्याआधी कशी तपासावी

खर्च एका सुतळीचा आहे. मागच्या चाकाच्या डाव्या खाचेला सुतळी बांधा, पुढे हँडलखालच्या उभ्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेपर्यंत ताणून आणा. सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडे सुतळीचे अंतर सारखे असावे. कमीजास्त असेल तर फ्रेम वाकलेली आहे.

हँडलमागे खालच्या तिरप्या नळीवरून बोट फिरवा. खालच्या अंगाला सुरकुती किंवा फुगा लागला तर ती सायकल कुठेतरी समोरून आदळलेली आहे. फुकट दिली तरी घेऊ नका. सांध्याजवळ रंगाला केसासारखी चीर आणि चिरेतून गंजाची रेघ दिसली तर ती रंगाची चीर नव्हे, नळीची आहे. पायडलच्या सांध्याजवळ मागे जाणाऱ्या दोन नळ्या, मागची खाच, आणि पुढच्या चिमट्याचा माथा, ही मोडण्याची जुनी ठिकाणे. तिथे नीट पाहा.

शेवटी सीटची दांडी बाहेर काढा आणि सायकल उलटी करून हलवा. आतून तांबडी पूड पडली तर नळी आतून खाल्ली गेली आहे. हे आम्ही आरोंद्याहून सांगतो आहोत. सावंतवाडी तालुक्यातले हे गाव तेरेखोलच्या काठावर. पुलापलीकडे गोव्याचे किरणपाणी. इथे कापूस नाही, ज्वारी नाही. भात, नारळ, काजू आणि मासळी. खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. इथे सायकल बाहेरून रंगवलेली आणि आतून पोकळ झालेली असते. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे समुद्र? समुद्र नाही, पण खत आहे. पोत्यातून सांडलेले रासायनिक खत म्हणजे मीठच. ते कॅरिअरच्या नळीत जाऊन ओल धरते आणि पोलाद खाते. खत वाहून आणले की सायकल पाण्याने धुवा, कोरडी करा, वर्षातून एकदा सीटच्या नळीतून थोडे जुने तेल आत सोडा. पायडलखालच्या नळीला पाणी निथळायचे भोक असेल तर ते मोकळे ठेवा.

याच गोव्याच्या वाटांवर पाव विकणारे पोदेर मागे भलीमोठी टोपली बांधून रोज पहाटे सायकलीने फिरतात. चढउताराच्या रस्त्यावर ती सायकल टिकते, कारण ती साधी, जड आणि सावकाश चालणारी आहे. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ भिसे यांनी बैल परवडत नाहीत म्हणून सायकलीचे पुढचे चाक, चिमटा आणि हँडल घेऊन कोळपे केले. चिमट्याला मातीची ओढ सोसायची सवय नसते, तरी ते चालले, कारण कोळपणी माणसाच्या पावलाने होते. दोन्हींचा धडा एकच आहे: साधा सांगाडा, सावकाश काम.

बसवताना काय करू नये

नळीला भोक पाडू नका. बॅटरीचा खोका बसवायला गावोगाव ड्रिल मशीन चालते. जिथे भोक तिथे उद्या चीर. पट्ट्यांनी आवळा, खाली रबर घाला. पातळ नळीवर विजेचे वेल्डिंग करू नका. नळी जळून कमजोर होते आणि जोडाच्या शेजारी मोडते. गरजच पडली तर गॅसवर पितळेची झाळ करणारा कारागीर गाठा.

शिशाच्या तीन बॅटऱ्यांचे वजन बारा किलोपर्यंत जाते, लिथियमचे तीन-चार किलो. काहीही असो, बॅटरी फ्रेमच्या तिकोनात खाली बसवा. कॅरिअरवर उंच बांधलेली बॅटरी वळणावर सायकल लोळवते.

चाकातली मोटार शक्यतो मागे बसवा. पुढचा चिमटा ओढ सोसायला बनलेला नसतो, आणि तो मोडला तर माणूस तोंडावर पडतो. जुन्या सायकलीच्या मागच्या दोन पायांतले अंतर मोटारीच्या एक्सलला कमी पडते. पोलादी फ्रेम जाणकाराकडून दोन्ही बाजूंना सारखी थोडी फाकवून घेता येते. ॲल्युमिनियमची फाकवू नये. एक्सल खाचेत फिरू नये म्हणून त्याला धरणारी पोलादी पट्टी मिळते, टॉर्क आर्म म्हणतात. ती घेतल्याशिवाय मोटार बसवूच नका. ती पट्टी नसल्यामुळे एक्सल फिरते, खाच फाटते आणि चाक निसटते.

फवारणी पंपाचे पेट्रोल इंजिन जोडणाऱ्यांनी आणखी जपावे. ते मिनिटाला हजारो वेळा थरथरते, आणि आवळलेल्या पट्टीच्या कडेला नळी हळूहळू थकते. दर पंधरा दिवसांनी पट्टी सोडून खाली पाहा.

आणि ब्रेक. सळईचा ब्रेक ओल्या, चकचकीत रिमवर धरत नाही. पळायचे साधन लावण्याआधी थांबायचे साधन लावा. मागे ड्रम ब्रेकचे हब मिळत असेल तर तो खर्च आधी करा. मोटार मागच्या चाकात बसणार असेल तर तिथे हब बदलता येणार नाही. मग पुढच्या चाकाला ड्रम बसवा. बैलगाडी उतारावर कशी आवरतात हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको.

मायबहिणींची फ्रेम कुठे आहे?

आतापर्यंत जे सांगितले त्यात एक मोठी गोम आहे, ती लपवून चालणार नाही. सगळ्यात भक्कम फ्रेम म्हणजे वर आडवी दांडी असलेली. लुगडे नेसलेल्या बाईला तिच्यावर टांग टाकता येत नाही. शेतातली निंदणी बाईची, वेचणी बाईची, डोक्यावरचे ओझे बाईचे. आणि भक्कम सायकल तेवढी पुरुषाची! लेडीज सायकल घ्यावी तर वरची दांडी नसल्यामुळे ती मधोमध पिळवटते. तिच्यावर मोटार आणि ओझे चढवणे धोक्याचे आहे.

लेडीज सायकलच बसवायची असेल तर दोन समांतर तिरप्या नळ्यांची घ्यावी, ओझे निम्मे ठेवावे, वेग पंधराच्या आत ठेवावा, हा आजचा तोडगा. पण तो पुरेसा नाही. वाकलेल्या दांडीची फ्रेम भक्कम करता येतच नाही असे कोणी म्हणेल तर त्याला नगरची लुना दाखवा. तिला कुठे वरची दांडी होती? जाड सांगाडा आणि लहान चाके घेतली की ते जमते. जमते, पण कारखानदार करत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे शेतकरी बाई गिऱ्हाईक म्हणून उभीच नाही. १९८६ च्या चांदवड अधिवेशनाने शेतकरी बाईला माणूस म्हणून मोजायला लावले. आता बाजाराने तिला गिऱ्हाईक म्हणून मोजावे, हे सांगायची वेळ आली आहे.

आमची मागणी

कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे २५० वॅटपेक्षा कमी मोटार, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग, बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन, धड ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, आणि चाचणी संस्थेची मान्यता, एवढे असले की ते मोटार वाहन धरले जात नाही. इंजिनाच्या बाबतीत १९८८ च्या कायद्याने २५ सीसीपर्यंतच्या, चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला वगळले आहे. वेगाची आणि बळाची मर्यादा आम्हाला मान्य आहे. वर केलेला हिशेब तेच सांगतो. अडचण आहे चाचणीची. कारखान्यातून हजारांनी निघणाऱ्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयकडे नेणे परवडते. गावातल्या कारागिराने जोडलेली एक सायकल कोण, कुठे नेणार?

म्हणून आम्ही सबसिडी मागत नाही. सबसिडी आली की निविदा येते, निविदा आली की सर्वांत स्वस्त फ्रेम येते, आणि वाटपाचा फोटो निघाल्यावर तिचे काय झाले हे कोणी विचारत नाही. आम्हाला तीन गोष्टी हव्यात. अकोला, परभणी, राहुरी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांच्या अभियांत्रिकी विभागांनी बाजारातल्या फ्रेमा ओझे घालून तपासाव्यात आणि निकाल मराठीत छापावेत. प्रत्येक कारखानदाराने फ्रेमवर किती किलो भार चालतो तो आकडा ठोकून द्यावा. बियाण्याच्या पाकिटावर उगवणीचा टक्का छापावा लागतो, मग याला का नाही? आणि कारागिराने जोडलेली सायकल जिल्ह्याच्या ठिकाणी, आयटीआयमध्ये, माफक फी घेऊन तपासून मिळावी.

तंत्रज्ञान निवडायचे स्वातंत्र्य आपण बियाण्यासाठी मागितले, ते सायकलीसाठीही मागू. पण स्वातंत्र्य मागणाऱ्याने डोळे उघडे ठेवून निवडले पाहिजे. पाकिटावरचे चित्र पाहून बियाणे घेणारा आणि वॅटचा आकडा पाहून मोटार घेणारा, दोघेही सारखेच फसतात.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांना जमेल त्यांनी सायकलीवर यावे आणि एक सुतळी आणावी. दुपारच्या जेवणाच्या वेळेत फ्रेमा तपासू. ज्या बायांकडे लेडीज सायकल आहे त्यांनी ती मुद्दाम आणावी. कुठे पिळवटते, कुठे मोडते याची यादी तिथेच करू आणि तीच यादी मागणीपत्राला जोडू.